थकलेल्या हातांची थकबाकी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी लोकसंख्येचे अर्थशास्त्र शिकवीत होतो. फळ्यावर तीन रकाने आखले होते : शून्य ते चौदा, पंधरा ते एकोणसाठ आणि साठच्या पुढे. मधल्या रकान्यातल्यांनी बाजूच्या दोन्ही रकान्यांतल्यांना पोसायचे, एवढा साधा तो हिशेब. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझी आई पन्नासचीसुद्धा नाही. पण तिची कंबर गेली. कांद्याच्या लागवडीला तिला आता कोणी नेत नाही. तिला कोणत्या रकान्यात धरायचे?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

म्हातारपण वयाने मोजायचे असते असे आपण गृहीत धरतो. पण हे वय कोण ठरवतो? महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. पदवी महाविद्यालयातला प्राध्यापक ६० व्या वर्षी. गरीब वृद्धांसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेत मात्र ६५ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय माणूस म्हातारा होत नाही. म्हणजे जो खुर्चीवर बसून काम करतो तो लवकर थकतो आणि जी बाई वाफ्यात दिवसभर वाकून रोप लावते ती सात वर्षे उशिरा थकते, असा या नियमांचा अर्थ झाला. प्रत्यक्षात काय घडते ते सटाण्याच्या आसपासच्या कोणत्याही मळ्यात जाऊन पाहावे. कांद्याची लागवड बहुधा उक्ती दिली जाते. एकराचा भाव ठरतो, टोळी तो एकर लावते आणि आलेले पैसे सारखे वाटून घेते. एका बाईचा हात मंदावला की बाकीच्यांच्या वाट्याला कमी येते. तिला टोळीतून काढून टाकणाऱ्या बाया दुष्ट नसतात, त्यांच्याही घरी चूल असते. पण असा एक दिवस येतो की सकाळी पिकअप गाडी वस्तीवर येते आणि तिला कोणी हाक मारीत नाही. तोच तिच्या निवृत्तीचा दिवस. त्याला ना निरोप समारंभ, ना नारळ, ना उपदान, ना निवृत्तिवेतन.

आता आकडे पाहू. १९६१ च्या जनगणनेत भारतात साठीच्या पुढची माणसे शेकडा ५.६ होती. २०११ मध्ये ती शेकडा ८.६ झाली, महाराष्ट्रात ९.९. अधिकृत अंदाजाप्रमाणे २०३६ च्या सुमारास देशातले प्रमाण शेकडा १५ च्या जवळ जाईल. काम करण्याच्या वयातल्या दर शंभर माणसांमागे १९६१ साली सुमारे ११ वृद्ध होते, २०११ साली १४, आणि २०३१ साली ते २० होतील असा अंदाज आहे. याची कारणे दोन. माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगतात आणि मुले कमी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ भरला. दोन माणसांच्या जागी दोनही येत नाहीत, असा त्याचा अर्थ.

ही दोन्ही कारणे मुळात आनंदाची आहेत. कुटुंब लहान असावे, बाईच्या देहाची झीज थांबावी, यासाठी १९३८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला होता. तो तेव्हा फेटाळला गेला. आज वस्तीतली बाई तो विचार आपण होऊन अमलात आणते आहे. म्हणून 'वृद्धांचा बोजा वाढतो आहे' असा जो सूर वर्तमानपत्रांतून निघतो, तो मला मान्य नाही. बोजा माणसांचा नसतो. पोसण्याची व्यवस्था कोणाच्या खांद्यावर टाकली आहे, यावरून तो बोजा ठरतो.

पाठ्यपुस्तके सांगतात की लोकसंख्या वृद्ध झाली की काम करणारे हात कमी होतात, बचत घटते, औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि सरकारच्या तिजोरीवर ताण येतो. हे खरे आहे. जपानमध्ये ६५ च्या वरची माणसे शेकडा २९ च्या घरात आहेत आणि तिथे हे सारे दिसते. पण ही पुस्तके समाज एकसंध आहे असे मानून चालतात. आपला समाज तसा नाही. आपल्याकडे म्हातारपणेही दोन आहेत आणि त्यांचे अर्थशास्त्र एकमेकांच्या उलट चालते.

ज्या घरात जमीन आहे, वाडा आहे, नोकरीतले निवृत्तिवेतन आहे, त्या घरात पैसा वरून खाली वाहतो. आजोबांची पेन्शन नातवाच्या शिकवणीला जाते. आजीचे दागिने मोडून फ्लॅटची पहिली रक्कम भरली जाते. सातबाऱ्यावरचे नाव बापाकडून मुलाकडे येते. तिथे म्हातारा माणूस हा घराचा आधार असतो. आमच्या घरात पैसा खालून वर वाहतो. आजी-आजोबांकडून आमच्याकडे आले ते घराण्याचे नाव, गावकुसाबाहेरची जागा आणि काही वेळा सावकाराचे देणे. आम्ही मिळवलेला पहिला पगार त्यांच्या दवाखान्याला गेला. याबद्दल माझी तक्रार नाही, तो माझा अभिमान आहे. पण अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला यातला परिणाम लपवता येत नाही. एका घरात प्रत्येक पिढी मागच्या पिढीच्या खांद्यावर उभी राहते, दुसऱ्या घरात प्रत्येक पिढी मागच्या पिढीला खांद्यावर घेऊन उभी राहते. दोघांची उंची कशी सारखी होणार?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे हे दुखणे वरवरचे आहे, खरे दुखणे म्हणजे शेतीवर साचलेले आणि काम नसलेले हात, अशी त्यांची मांडणी होती. बिनकामाचा माणूस जेवायचे थांबत नाही. तो दुसऱ्याच्या मिळकतीवर जगतो, त्यामुळे शिल्लक पडत नाही आणि शिल्लक नाही म्हणून भांडवल उभे राहत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आज आमच्या घरांना लागू पडतो. पहिल्या पिढीच्या पदवीधराची शिल्लक मागच्या दोन पिढ्यांच्या पोटात जाते. तो कारकून होतो, शिक्षक होतो, पण भांडवलदार सोडाच, त्याला स्वतःच्या म्हातारपणाचीही तरतूद करता येत नाही.

माझ्याच घराचा हिशेब मांडतो. माझ्या आजीला सहा मुले झाली, चार जगली. आईवडिलांना आम्ही तिघे. मला एक मुलगी. आजी सत्तरीच्या पुढे आहे. वडील पंचावन्नला टेकले आहेत, आई थोडी मागे. दोघांच्याही हातून पूर्वीसारखी मजुरी होत नाही. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास तितके पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, म्हातारपणाचे तर नाहीतच. कायम झालेल्या माझ्या सहकाऱ्यांतही दोन जाती आहेत. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना, नंतर लागलेल्यांना बाजारावर अवलंबून असलेली अंशदायी योजना. आरक्षणाच्या बळावर आमची मुले मोठ्या संख्येने नोकरीच्या दारात पोहोचली, तेव्हा त्या नोकरीतले म्हातारपण काढून घेतलेले होते. योगायोग म्हणा, पण तो नेहमी आमच्याच वाट्याला येतो.

आता आजीचे. १९७२ च्या दुष्काळात ती एकोणीस-वीस वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, पाझर तलावाच्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या. माझे वडील तेव्हा तान्हे होते, बाभळीला बांधलेल्या झोळीत. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि पुढे २००५ साली देशाने तसा कायदा केला. महाराष्ट्राचे नाव झाले. पण त्या कामावरची माणसे कुठे गेली? ती आज सत्तर-पंचाहत्तरच्या घरात आहेत. आपल्या राज्यातल्या वृद्धांच्या संख्येत जी भर पडते आहे, ती बऱ्याच अंशी याच पिढीची आहे.

तो पाझर तलाव अजून आहे. पावसाळ्यात भरतो. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी उतरते, त्या पाण्यावर कांदा येतो, डाळिंब येते. अर्थशास्त्राच्या भाषेत आजीने भांडवल निर्माण केले. त्या भांडवलाचा लाभ गेली पन्नास वर्षे दरसाल निघतो आहे. तो कोणाला मिळतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. आजीच्या नावावर काही नाही. दादासाहेब गायकवाड आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत त्यांनी जी जमीन मागितली, ती मिळाली असती तर आजचा म्हातारपणाचा प्रश्न निम्मा सुटला असता. जमीन ही उत्पन्नाची गोष्ट आहेच, पण थकल्यावर खंडाने देता येईल, बटाईने लावता येईल अशी ती म्हातारपणाची काठीही आहे. आज शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार रुपये मिळतात, तेही जमिनीच्या कागदावर. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची जमीन कसली त्याला त्या योजनेत नाव नाही.

मग आजीला काय मिळते? १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपयांची मदत सुरू केली. पुढे ती २०० झाली. साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा हा वाटा २००६ पासून दोनशेच राहिला आहे. या काळात तेल, डाळ, गोळ्या, एस. टी. चे भाडे कुठल्या कुठे गेले. महाराष्ट्र आपली भर घालतो आणि २०२३ पासून एकूण १५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. ही मर्यादा योजनेला वर्षानुवर्षे चिकटून राहिली आहे. २१ हजारांना ३६५ ने भागून पाहा. दिवसाला ५७ रुपये. घरातला एक माणूस जरी नियमाने मजुरीला गेला तरी कुटुंब मर्यादेबाहेर जाते. म्हणजे खरे बोलावे तर पेन्शन जाते आणि पेन्शन घ्यावी तर खोटे बोलावे लागते. हक्काचे पैसे मागताना गरिबाला आधी खोटे पाडून ठेवायचे, मग तो कायम ओशाळलेला राहतो.

यातली विसंगती आणखी एका ठिकाणी उघडी पडते. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १५०० रुपये मिळतात आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. ६५ ओलांडताच ती त्या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात उभी राहते. तिथे मर्यादा २१ हजार! एका वाढदिवसाने अडीच लाखांचे २१ हजार होतात. हात चालत असताना जी बहीण असते, ती हात थकल्यावर कोणाचीच कोणी उरत नाही.

आणि वाढदिवस तरी कोणाला माहीत असतो? ज्याने शाळा पाहिली त्याला गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख दिली. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी त्यामुळेच आहे. आजीने शाळाच पाहिली नाही, तिला १ जूनही मिळाला नाही. तिचे वय कागदावर कोणीतरी अंदाजाने लिहिले. चार-पाच वर्षांची चूक म्हणजे चार-पाच वर्षांची पेन्शन. वय सिद्ध करायचे, गरिबी सिद्ध करायची आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत आहोत हेही सिद्ध करायचे.

जिवंत राहण्याचाच प्रश्न आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ राज्यांतले आयुर्मान जातवार तपासले गेले. त्या राज्यांत महाराष्ट्र नाही, पण निष्कर्ष विचार करायला लावतो. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी भरले. मिळकतीतला फरक जमेस धरला तरी ही दरी पुरती बुजत नाही. आता ६५ ची अट पुन्हा वाचा. जो समूह लवकर मरतो त्याला पेन्शन उशिरा सुरू होते आणि कमी वर्षे मिळते. सर्वांना सारखा दिसणारा नियम सर्वांना सारखा नसतो, तो असा.

या सगळ्यात एक काम कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे हगणे-मुतणे कोण काढते? सून. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. श्रीमंताच्या घरी याच कामाला बाई ठेवली तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जातो, आणि ती पगारी बाईही बहुधा आमच्याच वस्तीतली असते. दुसऱ्याच्या म्हाताऱ्याची सेवा करून ती आपल्या म्हाताऱ्याच्या औषधाचे पैसे आणते. वृद्धांची संख्या वाढेल तसे हे काम वाढणार आहे. त्याला दाम, सुट्टी आणि प्रतिष्ठा मिळाली नाही, तर नव्या काळातली ही नवी वेठबिगारीच ठरेल.

मग करायचे काय? 'मुलांनी आईबापांना सांभाळावे' हे उत्तर लगेच पुढे येते. २००७ साली तसा कायदाही झाला. त्याखाली मुलाला महिना दहा हजारांपर्यंत पोटगी देण्याचा आदेश होऊ शकतो. पण ज्या मुलाच्याच हाताला काम नाही त्याच्यावर आदेश काढून काय निघणार? श्रावणबाळ हे नाव योजनेला देण्यातच मेख आहे. कावड मुलाच्या खांद्यावर, सरकार नुसते पाहणार.

जगात निवृत्तिवेतन असे भूतदयेतून आलेले नाही. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कने कामगारांसाठी वृद्धापकाळाचा विमा आणला, तो संघटित कामगारांच्या धास्तीने. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, आजारपण, अपंगत्व यांच्याबरोबर वार्धक्याचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत साहाय्याचा हक्क उपलब्ध करून द्यावा, असे ते सांगते. बाबासाहेबांना स्वतःला याहून पुढचे हवे होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा राज्याच्या मालकीचा करावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, असे मांडले होते. शेतीही राज्याचा उद्योग व्हावी, असे त्याच निवेदनात आहे. म्हणजे मजुराला त्यांनी दयेचे पात्र म्हणून पाहिले नाही. राष्ट्राच्या कारखान्यातला कामगार म्हणून पाहिले.

हे स्वप्नाळू आहे असे कोणी म्हणेल. त्याला मी बाजार समितीत घेऊन जाईन. तिथे कांद्याच्या गोणी उचलणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मालक एक नसला तरी मंडळ एक. मजुरीवर लेव्ही बसते, तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान उभे राहते. ही लेव्ही सुखासुखी टिकत नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिच्यावरूनच नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव अडले होते. पण कायदा उभा आहे. आता विचार करा. तोच कांदा. गोणीत भरून उचलणाऱ्या हाताला म्हातारपणाची तरतूद आहे आणि त्याचे रोप लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या हाताला नाही. हमाल संघटित झाला म्हणून त्याला मिळाले. शेतमजूर बाई टोळीत आहे, पण संघटनेत नाही.

म्हणून बाजारात होणाऱ्या खरेदीवर व्यापारी आणि निर्यातदार यांच्याकडून लहानशी लेव्ही घेऊन शेतमजुरांचे निवृत्तिवेतन मंडळ उभारावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापू नये. दोन एकरवाला शेतकरीही उद्याचा निराधार म्हाताराच आहे. त्याला आणि मजुराला झुंजवून प्रश्न सुटणार नाही. केरळने १९८० साली शेतमजुरांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा ते महिना ४५ रुपये होते. रक्कम लहान होती, पण ती शेतमजूर म्हणून मिळाली, निराधार म्हणून नव्हे. 'पैसा कुठून आणणार' हा प्रश्न आपल्याकडे १९७५ सालीही होता. तेव्हा रोजगार हमीसाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि लोकांनी तो दिला. इच्छा असली की मार्ग निघतो, हे महाराष्ट्राने एकदा सिद्ध केलेले आहे.

सटाण्यात दरवर्षी देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदाराने सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, असे सांगतात. लोकांनी त्याला देव केले, देऊळ बांधले. त्या माणसाच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. पण खजिना ज्यांच्या घामाने भरला त्यांच्यासाठी तो उघडणाऱ्याला देव करावे लागते, याचाच अर्थ खजिन्यावर त्यांचा हक्क कोणी मानलेला नव्हता. देवमामलेदार शंभर वर्षांत एखादा निपजतो. हक्क असला तर देवाची वाट पाहावी लागत नाही.

जरा, व्याधी आणि मृत्यू पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्वीकारली नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला म्हातारा दिसला नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा त्यांनी कारण म्हणून पुढे ठेवला. मला यात मोठा अर्थ दिसतो. म्हातारपण हे दुःखाचे मूळ नाही. पाणी कोणाच्या विहिरीला उतरते, हे मूळ आहे.

त्या मुलीला आता सांगतो. तुझ्या आईला फळ्यावरच्या कोणत्याच रकान्यात धरू नकोस. ती कोणावर अवलंबून नाही. तिने आपल्या वाट्याचे काम आधीच केले आहे आणि त्याची पुरती मजुरी तिला मिळालेली नाही. तिचे नाव येणेदारांच्या यादीत लिही. आणि ही वसुली एकटीने होत नसते, हेही लक्षात ठेव.